पोराच्या वजनाचा जाब कुणाला विचारायचा?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या गावाला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून माहीत आहेत. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला द्यायचा, ही पद्धत त्यांच्याही शाळेत होती. त्या तासासाठी दर वर्षी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन भांडणारे ते एकटेच होते, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मुलांच्या शरीराविषयीच बोलावं, असं मला वाटलं. मी बालरोगतज्ज्ञ आहे. पूर्वी माझ्याकडे आया यायच्या त्या मूल अंगाला धरत नाही म्हणून. त्या अजूनही येतात. पण त्याच बाकावर आता शेजारी दुसरी आई बसलेली असते, आणि तिच्या मुलाचं वजन वयाच्या मानाने पंधरा-वीस किलोंनी जास्त असतं. या दुसऱ्या मुलाविषयी मला आज बोलायचं आहे. त्याच्या वजनाला जबाबदार कोण, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न एकदा थेट कोर्टात गेला होता. २००२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन किशोरवयीन मुलींच्या वतीने मॅकडोनाल्ड्सवर दावा दाखल झाला. तुमच्या खाण्यामुळे आमचं वजन वाढलं, आजार जडले आणि त्या खाण्यात काय आहे हे तुम्ही नीट सांगितलं नाही, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत तेव्हा या दाव्याची भरपूर टवाळी झाली. बर्गर काय कुणी तोंडात कोंबला होता का, असं लोक विचारत होते. न्यायमूर्ती रॉबर्ट स्वीट यांनी जानेवारी २००३ मध्ये दावा फेटाळला. असं खाणं अति झालं तर अपायकारक आहे हे माणसाला माहीत असेल, किंवा माहीत असायला हवं असेल, तर त्याच्या अतिरेकापासून त्याला वाचवणं कायद्याचं काम नव्हे, असा त्यांच्या निकालाचा गाभा होता. पण त्याच निकालपत्रात त्यांनी एक दार उघडं ठेवलं. कोंबडीचं मांस तळलं की काय होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मात्र कारखान्यात असंख्य घटक मिसळून जो पदार्थ तयार होतो, त्याचं खरं रूप सामान्य गिऱ्हाइकाला कसं कळणार, असा मुद्दा त्यांनी स्वतःच मांडला. पुढे २००५ मध्ये वरच्या कोर्टाने फसव्या जाहिरातींपुरता दावा पुन्हा जिवंत केला. पण सर्व पीडित मुलांचा एकत्र दावा चालवायला २०१० मध्ये परवानगी नाकारली गेली आणि २०११ मध्ये प्रकरण मिटलं. मधल्या काळात अमेरिकेतल्या वीसहून अधिक राज्यांनी असे दावे करताच येऊ नयेत म्हणून कायदे केले. त्या कायद्यांमागे एकच शब्द होता: वैयक्तिक जबाबदारी.

मला हा शब्द मान्य आहे. मी रोज माझ्या खोलीत तो मुलांना आणि आईवडिलांना सांगते. पण जबाबदारी ही अधिकाराच्या मागून येते, एवढं भान ठेवूनच तो वापरायला हवा. ज्याच्या हातात जेवढा निर्णय, तेवढी त्याची जबाबदारी. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात किती निर्णय असतो, आईच्या हातात किती, शाळेच्या, कारखानदाराच्या आणि सरकारच्या हातात किती, हे आधी मोजू या.

अमेरिकेतल्या या खाण्याच्या इतिहासात डेव्हिड वॉलरस्टीन नावाचा एक माणूस येतो. तो शिकागोच्या एका चित्रपटगृहांच्या साखळीत काम करायचा. लोकांनी आणखी पॉपकॉर्न घ्यावं म्हणून त्याने अनेक युक्त्या केल्या, पण एक पिशवी संपली तरी दुसरी घ्यायला कुणी उठेना. त्याच्या लक्षात आलं की लोकांना खायचं असतं, पण दोन पिशव्या घेतल्या तर आपण खादाड दिसू याची लाज वाटते. मग त्याने पिशवीच मोठी केली, आणि खप वाढला. पुढे तो मॅकडोनाल्ड्सच्या संचालक मंडळावर गेला आणि तिथे त्याने बटाट्याच्या तळलेल्या फोडींचं मोठं पाकीट आणायचा आग्रह धरला. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक आधी तयार नव्हते. कुणाला जास्त हवं असेल तर तो दोन घेईल, असं त्यांचं मत होतं. शेवटी वॉलरस्टीनचं म्हणणं मान्य झालं. ही लाज म्हणजे आपल्या हाताला अडवणारी एक साधी, जुनी सवय होती. ती कशी निकामी करायची याचा एका हुशार माणसाने पगार घेऊन विचार केला. गिऱ्हाइकाला वाटत राहिलं की आपण आपल्या मनाने खातो आहोत.

आपल्याकडे याच्या उलट झालं. आपल्याकडे पाकीट लहान झालं.

ते कसं, हे सांगण्याआधी एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख कळू नये एवढे तपशील बदलले आहेत. तेरा वर्षांचा मुलगा, आठवीतला. आई त्याला घेऊन आली ती वजनासाठी नव्हेच. तिने त्याची कॉलर मागे ओढली आणि मान दाखवली. मानेवर मागच्या बाजूने काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा होता. "डॉक्टर, कितीही घासलं तरी मळ निघत नाही. उटणं लावलं, दगडाने घासून पाहिलं. शाळेत पोरं चिडवतात, अंघोळ करत नाही म्हणून." मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याच्या मानेवर एका ठिकाणी घासून घासून साल निघालं होतं.

तो मळ नव्हता. शरीरात इन्सुलिन नीट काम करेनासं झालं, की ते जास्त प्रमाणात तयार होऊ लागतं आणि त्वचेच्या घड्यांमध्ये असा काळेपणा येतो. मान, काखा, कधी कोपरं. पुढे येऊ शकणाऱ्या मधुमेहाची ती आगाऊ सूचना असते. आज घरी गेल्यावर आपल्या मुलांच्या, नातवंडांच्या माना पाहा. पट्टा दिसला तर घासू नका, रागावू नका, डॉक्टरकडे न्या.

त्या मुलाचा दिवस मी विचारून घेतला. सकाळी सातला शाळा. चहा-बिस्किटं खाऊन निघायचं. डब्यात पोळीभाजी असायची, ती बहुतेक वेळा अर्धी परत यायची, कारण मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट मिळायचं. दुपारी जेवण, मग चार ते आठ क्लास. शाळेचा वेगळा, विज्ञानाचा वेगळा. दोन क्लासच्या मधल्या अर्ध्या तासात कोपऱ्यावरच्या गाडीवर चायनीज भेळ नाहीतर वडापाव आणि दहा रुपयांची कोल्ड्रिंकची छोटी बाटली. रात्री नऊला घरी, साडेनऊला जेवण, मग अभ्यास आणि मोबाइल. मी विचारलं, खेळतोस कधी? तो म्हणाला, रविवारी. आई म्हणाली, रविवारी टेस्ट असते.

या दिवसात त्या मुलाने स्वतः घेतलेला निर्णय कुठला? मला दिसतो तो एकच: पाच आणि दहा रुपयांचा. बाकी शाळेची वेळ, क्लासची वेळ, मैदान नसणं, फाटकाबाहेर काय मिळणार, कोपऱ्यावर काय मिळणार, हे सगळं मोठ्यांनी ठरवलेलं होतं. आणि जो एक निर्णय त्याच्या हाती होता, तोही त्याच्या हाती यावा म्हणून कुणीतरी मुद्दाम पाकीट पाच रुपयांत बसवलेलं होतं.

अमेरिकेत कंपनीने पिशवी मोठी केली, कारण तिथे गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे होते आणि अडसर लाजेचा होता. आपल्याकडे अडसर आईच्या परवानगीचा होता. पन्नास रुपयांची वस्तू मागायला मुलाला घरी तोंड उघडावं लागतं. पाच रुपयांची वस्तू त्याला परस्पर घेता येते. म्हणून आपल्याकडे किंमत पाचवर खिळवून ठेवली जाते. तेल महागलं, साखर महागली की पाकिटातले ग्रॅम कमी होतात, पण पाच रुपये तेच राहतात. खेड्यातल्या दुकानातही, जिथे ताजी भाजी आठवड्याच्या बाजारालाच मिळते, तिथे या पाकिटांच्या माळा बारा महिने दारात लटकलेल्या असतात.

म्हणून 'फास्ट फूड' म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त बर्गर आणि पिझ्झा आणू नका, अशी माझी विनंती आहे. मॅकडोनाल्ड्स भारतात १९९६ मध्ये आलं आणि शहरी मध्यमवर्गाच्या सवयींवर त्याचा परिणाम झाला, हे खरं आहे. वाढदिवस तिथे, पहिला नंबर आला की पिझ्झा, हे आपण सुरू केलं. पण परदेशी बर्गरच्या नावाने बोटं मोडली की आपलं पाकीट, आपली बेकरी, आपली गाडी नजरेआड होते. १९९४ मध्ये पामोलिन तेलाची आयात खुली झाली. आज भारत जगातला पाम तेलाचा सर्वांत मोठा आयातदार आहे. स्वस्त, वासरहित, लवकर न खवटणारं हे तेल नसतं, तर खारी, क्रीम बिस्किट, वेफर्स, फरसाण हे सगळं एवढ्या स्वस्तात आणि एवढे महिने टिकेल असं तयार करणं अवघड होतं. वडापाव मात्र मी या यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवणार नाही. १९६६ च्या सुमारास दादरला अशोक वैद्यांच्या गाडीवर तो उभा राहिला, गिरणी कामगाराच्या अंगमेहनतीच्या दिवसात तो बसत होता. तोच वडापाव चार तास क्लासच्या बाकावर बसून राहिलेल्या मुलाच्या पोटात गेला की त्याचा हिशोब बदलतो.

कारखान्यातल्या अन्नाविषयी एक प्रयोग सांगायलाच हवा, कारण 'माणसाने तोंडावर ताबा ठेवावा' या उपदेशाची त्यात कसोटी लागली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० प्रौढ माणसांना चार आठवडे दवाखान्यात ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं, घरच्यासारखं शिजवलेलं. दोन्ही वेळा ताटात वाढलेल्या अन्नातले उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ, चोथा यांची बरोबरी साधली होती. हवं तेवढं खा, हवं तेवढं ठेवा, एवढीच सूचना. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर तीच माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. त्या चार आठवड्यांत त्यांची इच्छाशक्ती बदलली नव्हती, समोरचं अन्न बदललं होतं.

आणि आपली मुलं अशा अन्नाला जास्तच बळी पडतात, हे जगाला पुण्याने दाखवून दिलं. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. त्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. म्हणजे आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान हवीत. पण कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. स्नायू कमी होते. किडकिडीत दिसणारं बाळ आतून चरबी धरून होतं. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच शरीरं मोजून 'लॅन्सेट'मध्ये छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा पंचवीसवर न आखता तेवीसवर आखतात. आईच्या पिढीतलं कुपोषण मुलाच्या शरीरात अशी चरबी ठेवून जातं, आणि त्या शरीरासमोर आपण पाच रुपयांचं पाकीट ठेवतो.

आता महाराष्ट्राचे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. त्याच वयाच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण आधीच्या फेरीतल्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलं. देशपातळीवरच्या २०१६ ते १८ च्या पोषण पाहणीत शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी सुमारे दहांत एक मधुमेहपूर्व अवस्थेत आढळलं. २०२२ मध्ये भारतातली ५ ते १९ वयोगटातली सुमारे सव्वा कोटी मुलं लठ्ठ होती. १९९० मध्ये हा आकडा चार लाखांच्या आसपास होता. भूक आणि लठ्ठपणा या दोन वेगळ्या गावच्या गोष्टी आहेत असं आपण समजतो. त्या एकाच गल्लीत राहतात, कधी एकाच घरात, आणि दोन्हीकडे कमी पडते ती एकच गोष्ट: सकस अन्न.

आईवडिलांची जबाबदारी मी टाळणार नाही. लहान बाळ घास घेत नाही म्हणून समोर मोबाइल धरायचा, हे आपण करतो. आजी नातवाला तुपाचा पाचवा चमचा वाढते, कारण तिच्या पिढीने सुदृढ बालक स्पर्धेतलं गुटगुटीत बाळ पाहिलेलं असतं, आणि जाडसर मूल म्हणजे खात्यापित्या घरचं, हे तिच्या मनात पक्कं असतं. बाप पोराला मागे बसवून कोपऱ्यापर्यंत स्कूटरवर सोडतो. हे सगळं बदलायला हवं आणि बदलता येतं. पण माझ्याकडे मूल घेऊन येते ती आई. बोलणी खाते ती आई. "हिचं लक्ष नाही" हे नवरा म्हणतो, सासू म्हणते, शाळा म्हणते, आणि मला सांगायला वाईट वाटतं, पण आमच्या व्यवसायातले लोकही म्हणतात. नोकरीवरून सातला घरी आलेल्या बाईने ताजी भाकरी, उसळ, कोशिंबीर करावी अशी अपेक्षा असेल, तर त्या घरातल्या बाकीच्यांनी वाटाणे सोलावेत, कांदा चिरावा, कुकर लावावा. मी आता वजनाच्या तक्रारीसाठी आलेल्या प्रत्येक कुटुंबाला पुढच्या वेळी वडिलांना घेऊन यायला सांगते. बरेचसे येत नाहीत. जे येतात, त्यांच्या मुलांमध्ये फरक पडलेला मी पाहिला आहे.

आणि मुलाला चिडवणं बंद करा. जाड्या, ढोल्या, बटाटा. सगळ्या वर्गासमोर वजन करून ते मोठ्याने वाचून दाखवणं. असं केल्याने एकाही मुलाचं वजन उतरलेलं मी पाहिलेलं नाही. असं मूल खेळाच्या तासाला पोटात दुखतं म्हणून वर्गात बसून राहतं, आणि दुःख झालं की लपून खातं. त्याच्या शरीरात जे झालं आहे त्यातला बराचसा भाग त्याने निवडलेला नाही. त्याची शिक्षा मात्र तो रोज भोगतो.

आता ज्यांच्या हातात सर्वांत जास्त निर्णय आहे त्यांच्याकडे येते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. कायद्याने ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, जे सर्वांत जास्त ते पहिलं. क्रीमच्या बिस्किटाची यादी वाचा: मैदा, साखर, पाम तेल. पुड्यावर मात्र दुधाचा पेला, गव्हाची लोंबी आणि उडी मारणारं मूल. दुधात घालायची गोड भुकटी वर्षानुवर्षं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकली गेली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासह अशी पेयं त्या वर्गातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा काही प्रकारच नाही. तोवर दोन पिढ्यांच्या आयांनी उंची वाढेल या आशेने ती पाजली होती. आईला इथे कुठलं खरं माहीत असायला हवं होतं? न्यायमूर्ती स्वीट यांनी उघडं ठेवलेलं दार मला इथे आठवतं.

पुड्यावर समोरच, वाचता न येणाऱ्यालाही कळेल असा इशारा छापावा, ही मागणी आपल्या देशात नवी नाही. २०१८ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसा मसुदा काढला होता: साखर, मीठ, स्निग्धांश जास्त असेल तर लाल रंग. तो मागे पडला. २०२२ मध्ये नवा मसुदा आला तो चांदण्यांचा, अर्ध्या ते पाच. वाईटातल्या वाईट पाकिटालाही अर्धी चांदणी मिळणार! चांदणी ही शाबासकीची खूण आहे, पाच वर्षांच्या मुलालाही ते कळतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं, त्यालाही मुदतवाढ मिळाली. चिली या देशाने हे काम केव्हाच करून दाखवलं. गिडो जिरार्दी हे तिथले तेव्हाचे सिनेटर, पेशाने डॉक्टर. त्यांनी वर्षानुवर्षं लढवलेला कायदा २०१२ मध्ये संमत झाला आणि २०१६ मध्ये अमलात आला. साखर, मीठ, स्निग्धांश किंवा उष्मांक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक पाकिटावर काळा अष्टकोन, अशा पाकिटांवर मुलांना भुलवणारी कार्टून चित्रं बंद, शाळेत त्यांची विक्री बंद. पहिल्या दीड वर्षात साखरयुक्त पेयांची खरेदी जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटली. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असलेल्या पेयांवर कर लावला. दोन वर्षं आधी तशी घोषणा झाली होती, आणि कर लागू होण्यापूर्वीच अनेक उत्पादकांनी साखर कमी केली. लोकांना गोडच आवडतं, आम्ही काय करणार, असं म्हणणाऱ्या उद्योगाला हे करता आलं.

आपण काय केलं? २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं आणि चॉकलेटवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, नमकीनवरचा १२ वरून ५ वर. कोल्ड्रिंकवर ४० टक्के ठेवला, ते योग्य केलं. पण पाकीट स्वस्त झालं. आणि त्याच वर्षी जानेवारीत महाराष्ट्रात शालेय पोषण आहारातल्या अंड्यासाठी दिला जाणारा सरकारी निधी थांबवण्याचा निर्णय झाला. शाळांनी लोकवर्गणीतून पाहावं, असं सांगण्यात आलं. या दोन निर्णयांचा माझ्या दवाखान्यातल्या त्या बाकाशी थेट संबंध आहे. बाकाच्या एका टोकाला बसलेल्या मुलाचं अंडं गेलं, आणि दुसऱ्या टोकाच्या मुलाचं बिस्किट स्वस्त झालं. मी कुठल्याही पक्षाची नाही. पण मला हे पटत नाही आणि ते मी इथे स्पष्ट सांगते.

एक नियम मात्र आपल्या हातात आजही आहे, आणि तो या सभागृहातल्या फार थोड्या लोकांना माहीत असेल. दिल्ली उच्च न्यायालयात एका संस्थेने २०१० मध्ये याचिका केली, २०१५ मध्ये निकाल लागला, आणि त्यातून पुढे २०२० मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शाळांसाठी नियम केले. साखर, मीठ, स्निग्धांश जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, त्यांची जाहिरात करायची नाही, फुकट वाटायचे नाहीत. खेळाच्या सामन्याला पेयाच्या कंपनीचा फलक लावून वर बाटल्या वाटणंही त्यात येतं. हा नियम देशातल्या प्रत्येक शाळेला लागू आहे. या व्याख्यानाच्या तयारीसाठी मी गावातल्या शाळांच्या फाटकांसमोर मधल्या सुट्टीत उभी राहिले. नियम पाळला जातोय असं एकही फाटक मला दिसलं नाही.

तिथे एक बाई टोपली घेऊन बसतात. पूर्वी त्यांच्याकडे बोरं, चिंचा, उकडलेल्या शेंगा, कैरीच्या फोडी असायच्या. आता माळा लटकलेल्या असतात. मी विचारलं, शेंगा का नाही आणत? त्या म्हणाल्या, शेंगा संध्याकाळपर्यंत उरल्या तर फेकाव्या लागतात, पुडी उरली तर उद्या विकता येते. शिवाय पुडीवाला माल उधारीवर टाकून जातो. या बाईंना हाकलून पन्नास मीटरचा नियम पाळला, असं कुणी म्हणणार असेल, तर त्याला माझा विरोध राहील. त्यांच्या टोपलीत पुडी का आली याचं त्यांनी दिलेलं उत्तर नीट ऐकलं, तर उपायही त्यातच आहे. उरलेल्या मालाचा तोटा कुणीतरी वाटून घ्यायला हवा. पालक संघाने ठरवलं, तर शंभर मुलांमागे रोज किती शेंगा, किती चणे, किती केळी खपतील याचा अंदाज महिनाभरात येतो. शाळेने त्यांना फाटकाच्या आत सावलीची जागा द्यावी, नगरपरिषदेने गाडीचा परवाना द्यावा, बचत गटाने सुरुवातीचं भांडवल द्यावं. यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही.

मैदानांचंही तसंच. आठवी ते दहावीच्या वर्गांचे खेळाचे तास वेळापत्रकात छापलेले असतात. ते प्रत्यक्षात होतात का, हे विचारायचा हक्क शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना आहे. क्लासचालकांपैकी काही जण आज इथे बसलेले मला दिसतात. दोन बॅचच्या मधला तो अर्धा तास एक तासाचा करा आणि मुलांना शेजारच्या मैदानावर जाऊ द्या, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. एका क्लासने हे केलं तर बाकीच्यांना करावं लागेल.

या महिन्याच्या अखेरीस गावातल्या दोन शाळांच्या व्यवस्थापन समित्यांची बैठक आहे. पन्नास मीटरचा नियम आणि फाटकाजवळच्या विक्रेत्यांची पर्यायी व्यवस्था, असे दोन विषय तिथे घ्यावेत असं पत्र मी दिलं आहे. त्यावर पालकांच्या सह्या हव्या आहेत. पत्राच्या प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. शाळांमधल्या मुलांची उंची, वजन आणि माना तपासायला, पडद्याआड, एकेकट्याला बोलावून, मी आणि माझे दोन सहकारी कुठलंही शुल्क न घेता येऊ. तारखा शाळांनी द्याव्यात.